कादंबरीवर पिक्चर काढणाऱ्या दादा-ताईंनो, वाचणाऱ्यांचंही थोडं ऐका

पुण्या-मुंबईत कादंबऱ्यांवर पिक्चर अन् वेबसिरीज काढणारे समस्त निर्माते, दिग्दर्शक अन् पटकथा लिहिणारे दादा-ताईहो, रामराम.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावचा, खारपाणपट्ट्यातला, जिथं विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर घोट खाली उतरत नाही. शेती करतो अन् संध्याकाळी गावातलं वाचनालय उघडतो, ड वर्गाचं आहे, एक खोली, लोखंडी कपाटं अन् एक लांब टेबल, बस. पण त्या कपाटातल्या कादंबऱ्या कपाटात राहत नाहीत हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे, कारण खेड्यातलं पब्लिक वाचत नाही, त्याला सोपं अन् गोड करून दाखवावं लागते, असं तुमच्या मुलाखतींमध्ये बरेचदा ऐकलं. आमच्याकडची 'बारोमास'ची कॉपी इतक्या हातातून गेली की खाकी कव्हर घालून दाभणानं शिवून घेतली तरी पानं सुटतात. सदानंद देशमुख बुलडाणा जिल्ह्यातले, पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी मिळाला, पण इथं ते कोणी बक्षिसासाठी वाचत नाही. त्यातला एकनाथ शिकला अन् नोकरी लागली नाही, आता शेतीतही जीव लागत नाही अन् शेतीबिगर दुसरं काही नाही, असे एकनाथ आमच्या गल्लीगल्लीत आहेत, म्हणून वाचतात.

तर आवडत्या कादंबरीवर पिक्चर येणार अशी बातमी आली की इथं काय होते ते सांगतो. पहिले तर पोरं स्टेटस ठेवतात. ज्यानं वाचली नाही तो वाचायला नेतो, ज्यानं वाचली तो पुन्हा नेतो, अन् मंग ओट्यावर भांडणं सुरू होतात की अमुक कॅरेक्टर कोण करणार, ट्रेलर आला की एका मोबाईलवर सहा डोकी. तालुक्याचं थेटर बंद होऊन त्याचं गोडाऊन झालं म्हणून आता अमरावती नाही तर अकोल्याला जावं लागते, एसटीचं भाडं, तिकीट, नाश्ता, मजुराच्या घरच्या पोरासाठी हा खर्च लहान नसते. तरी जातात. अन् परत येताना बसमध्ये कोणी काही बोलत नाही, मंग एखादा म्हणते, "जाऊ दे ना, हे ते नोय."

आम्ही असं काही म्हटलं की तुमच्याकडून एकच उत्तर येते, पुस्तक वेगळं माध्यम आहे अन् सिनेमा वेगळं माध्यम आहे. दादा, हे आम्हाला समजते. तीन-चारशे पानांची कादंबरी असते अन् पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे दोन तासांच्या पिक्चरले १२० पानं, मंग कोणी ना कोणी कापल्या जाणारच, एखादा काका जाईल, एखादं लग्न जाईल, दोन मित्रांचा एक मित्र होईल. अन् मनातलं बोलणं कॅमेऱ्यात धरता येत नाही हेही समजते. मिलिंद बोकिलांची 'शाळा' घ्या, तिची खरी मजा मुकुंद जोशीच्या डोक्यात अखंड चालणाऱ्या बडबडीत आहे, ती पडद्यावर किती येणार? पिक्चर २०१२ मध्ये लागला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आमच्या नववीच्या पोरांना पुस्तकच जास्त आवडलं पण पिक्चरवर कोणी चिडलं नाही, कारण काढणाऱ्याला पुस्तक समजलं होतं हे दिसत होतं.

अन् कापाकापी केली म्हणून वाचक नाराज होतो हे तर बिलकुल खरं नाही. 'सिंहासन' बघा ना. अरुण साधूंच्या 'सिंहासन' अन् 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्या मिळून १९७९ चा तो एक पिक्चर, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, किती काय सोडलं असेल त्यांनी, तरी निळूभाऊ फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस पाहिला की पुस्तक वाचणाऱ्यालाही वाटते की हाच तो. त्याच्या दोन वर्ष आधी 'जैत रे जैत', गो. नी. दांडेकरांची कादंबरी, अन् पिक्चर तर गाण्यांनी गच्च भरलेला, महानोरांची गाणी अन् हृदयनाथांचं संगीत, म्हणजे पुस्तकात नव्हतं ते कितीतरी घातलं, तरी नाग्या तोच राहिला, त्याचा हट्ट तोच राहिला. (साधू अन् गोनीदा दोघांचाही जन्म आमच्या परतवाड्याचा, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई'च्या बेचाळीस रात्रींमधून निवडून निवडून घेतलं, १९५३ चा पिक्चर, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच, अन् अजूनही म्हातारी माणसं तो लागला की डोळे पुसतात. तेव्हा कापा, जोडा, गाणी घाला, आमचं काही म्हणणं नाही.

आमचं म्हणणं वेगळं आहे. कादंबरीत जे सगळ्यात जास्त दुखते, ज्याच्यासाठी ती लिहिली गेली, तेच तुम्ही घाबरून काढून टाकता. पब्लिकला झेपणार नाही म्हणता. ज्यांनी रात्र-रात्र जागून ते वाचलं त्यांनाच झेपणार नाही म्हणता.

आर. के. नारायण यांची 'द गाईड' १९५८ ची, पिक्चर १९६५ चा, देव आनंदचा, आमच्या बापाच्या पिढीचा जीव की प्राण, गाणी तर मलाही पाठ आहेत. पण शेवट आठवा. दुष्काळ पडलेला आहे, गावानं राजूला साधू मानलं अन् त्याला पावसासाठी उपास धरावा लागला. पुस्तकात शेवटी त्याला नदीत धरून उभा करतात, तो म्हणतो की तिकडं डोंगरात पाऊस पडतो आहे, मला पायाशी पाणी चढताना जाणवते, अन् तो खाली कलंडतो. संपलं पुस्तक. पाऊस खरंच आला का, तो जगला का, लेखक सांगत नाही. पिक्चरमध्ये धो-धो पाऊस येते, सगळं गाव भिजते. आता मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या, पेरलेलं बी जमिनीत जळून चाललं अन् दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे हा विचार करत जो माणूस पश्चिमेकडचे ढग बघत बसतो ना, त्याला विचारा यातला खरा शेवट कोणता. त्याला माहीत असते की लांब कुठं तरी पडल्यासारखं वाटणं अन् आपल्या वावरात पडणं यात किती अंतर आहे. नारायण स्वतःही त्या पिक्चरवर नाराज होते, त्यांनी लेख लिहून सांगितलं की आपलं मालगुडी उचलून राजस्थानात कसं नेलं. अन् त्याच माणसाच्या गोष्टींवर शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात 'मालगुडी डेज' काढली, दूरदर्शनवर लागायची, काही भपका नाही, काही नाही, लोकं अजून नाव काढतात. म्हणजे होते ना. करायचं मनात असलं तर होते.

आता आमच्या घरचं सांगतो. मागं एका कादंबरीवर सिरीज आली, नाव घेत नाही, ज्यांनी काढली त्यांना कळेलच. कादंबरी आमच्याच भागातली, शेतकऱ्याच्या विधवेची. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर सरकारची १ लाखाची मदत असते, ३० हजार हातात अन् ७० हजार बँकेत ठेव, पण त्याच्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागते, म्हणजे सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं कागदावर दाखवावं लागते. तिचं वावर सासऱ्याच्या नावावर. अर्धी कादंबरी ती बाई तहसीलच्या पायऱ्या चढते अन् उतरते, पोरीला काखेत घेऊन, डब्यात भाकर अन् चटणी, साहेब मिटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब बदलून गेले. वाचताना आपल्याला दम लागते. शेवटच्या पानावर ती सकाळी उठते, लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवते, कमरेला ओटी बांधते अन् दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावानं कापूस वेचायला जाते. बस एवढंच.

सिरीजमध्ये तहसील नाहीच. बोअर होते म्हणून काढलं असेल. त्याच्या जागी मिशा पिळणारा सावकार आणला, त्याची त्या बाईवर नजर, मंग ती विळा घेऊन त्याच्या अंगावर धावून जाते, मागं म्युझिक. राजेहो, सावकार नसतो असं मी म्हणत नाही, पण आता आमचा माणूस सावकारापेक्षा कृषी केंद्राच्या उधारीत, बँकेच्या थकबाकीत, बोगस बियाण्यात अन् २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी आली की तिच्यात मरते, त्यातल्या कोणाला मिशा नाहीत अन् कोणाच्या अंगावर विळा घेऊन धावता येत नाही. लेखकानं तेच लिहिलं होतं. तुम्हाला व्हिलन पाहिजे होता म्हणून तुम्ही खरा दोषी सोडून दिला.

अन् शेवट! शेवटी लाल दिव्याची गाडी गावात येते, कलेक्टर साहेब स्वतः चेक देतात, गाव टाळ्या वाजवते.

आमच्या शेजारची एक आजी आहे, तिला अक्षर येत नाही. तिच्या नातीनं ही कादंबरी तिला मोठ्यानं वाचून दाखवली होती, रोज संध्याकाळी थोडी थोडी, आजी सुपात तूर निवडत बसायची अन् ऐकायची. सिरीज लागली तेव्हा आम्ही त्यांच्याच घरी बघत होतो. कलेक्टरची गाडी आली अन् आजीनं नातीकडं पाहून विचारलं, "कलेक्टर घरी येत असता तं मंग इतल्या बाया कायले रडल्या असत्या वं?" कोणाकडं उत्तर नव्हतं. नात उठली, कपाटातून पुस्तक काढलं अन् शेवटचं पान पुन्हा वाचून दाखवलं. आजी म्हणे, "हां, हे बरोबर."

ही ती बाई आहे जिला झेपणार नाही असं तुम्हाला वाटते.

अजून एक त्याच सिरीजमधलं. हिरोईन कापूस वेचते तो सीन. कोरी करकरीत साडी, डोक्यावर टोपली, बोटाच्या टोकानं देवाच्या फुलासारखा कापूस तोडते अन् हसते. दादा, वेचणी दिवसभर कमरेत वाकून करावी लागते. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटात शिरतात, संध्याकाळी हाताला पाणी लावलं तर झोंबते. दोन्ही हात चालतात, मान वर करायला फुरसत नसते कारण संध्याकाळी काट्यावर जेवढे किलो भरतील तेवढेच पैसे. पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो सीन त्या कादंबरीत दोन पानं आहे अन् इतका सुंदर आहे की शूटिंगवाल्याला आयता मिळाला होता, काही खर्च नाही, एक वावर अन् एक वाटी दही. तो तुम्ही घेतला नाही. जत्रेतला डान्स घेतला, जो पुस्तकात कुठंच नाही.

आता भाषेचं. हे दुखणं जुनं आहे. खेडं दाखवायचं म्हटलं की तुमच्याकडं एकच बोली तयार असते, सातारा-कोल्हापूरकडची, तीही अर्धीमुर्धी, अन् कथा वऱ्हाडात घडो की झाडीपट्टीत, सगळे त्याच्यातच बोलतात. नाही तर मंग वऱ्हाडी येते ती नोकराच्या नाही तर हिरोच्या गमत्या दोस्ताच्या तोंडी, लोकांनी हसावं म्हणून. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची, आमची कौतिक त्याच्यात वऱ्हाडीतच भांडते, वऱ्हाडीतच लेकरांना जीव लावते, महादेवसारखा नवरा पदरात घेऊन संसार ओढते तेही वऱ्हाडीतच, अन् वाचताना एका ओळीला हसू येत नाही, पोटात कालवते. बरेच वर्षांपूर्वी 'धग' नावाचा पिक्चर आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले, तेव्हा आमच्या वाचनालयात आनंदीआनंद झाला होता, मंग कळलं की ती वेगळीच कथा आहे, शेळक्यांच्या कादंबरीशी तिचा काही संबंध नाही. त्यात त्या पिक्चरवाल्यांचा काही दोष नाही, पण लोकं किती वाट बघतात ते सांगतो आहे. 'बारोमास'वर पिक्चर झाला, सीमा बिस्वास होत्या त्यात, पण तो हिंदीत. चांगला असेल, लोकं कौतुकानं बोलतात, पण एकनाथची माय शेवंतामाय आपल्या बोलीत बोलताना ऐकायची होती आम्हाला, ती इच्छा राहिलीच. वडसा-देसाईगंजच्या भागात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, मांडवात पाय ठेवायला जागा नसते, आमच्याकडं एकांकिका करणारी पोरं कॉलेजाकॉलेजात आहेत, वऱ्हाडी बोलणारा नट भेटत नाही असं कोणी म्हणू नये.

'राऊ'वरून 'बाजीराव मस्तानी' निघाला तेव्हा काशीबाई अन् मस्तानी एकत्र नाचतात म्हणून केवढा गोंधळ झाला, 'छावा'मधला लेझीमचा सीन तर रिलीजच्या आधीच काढावा लागला. इतिहासातली मोठी माणसं असली की त्यांच्यासाठी बोलणारे उभे राहतात, ते ठीकच आहे. पण कौतिक, एकनाथ, ती तहसीलच्या पायऱ्या चढणारी बाई, यांच्या मागं कोण आहे? त्यांचे वंशज नाहीत, पुतळे नाहीत, त्यांना तुम्ही कसंही वाकवलं तरी मोर्चा निघत नाही. त्यांच्यासाठी आम्ही वाचणारेच आहोत, म्हणून हे पत्र.

एक कायद्याचीही गोष्ट आहे, आमच्या गावचा एक पोरगा अमरावतीला एलएलबी करतो त्यानं वाचनालयात बसून समजावून सांगितली. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' कादंबरीवर 'समय की धारा' नावाचा पिक्चर निघत होता, त्यांनी पाहिलं की आपली गोष्टच मोडून टाकली, तर त्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. १९८६ चा निकाल आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, पैसे घेऊन हक्क विकले तरी आपल्या लेखनाची मोडतोड होत असेल तर लेखक हरकत घेऊ शकतो, हे कोर्टानं मान्य केलं, अन् शेवटी त्यांचं अन् कादंबरीचं नाव त्या पिक्चरवर राहिलं नाही. याच मन्नूजींच्या 'यही सच है' कथेवर बासू चॅटर्जींनी १९७४ ला 'रजनीगंधा' काढला होता, अन् तो सगळ्यांना आवडला. म्हणजे बाई काही पिक्चरच्या विरोधात नव्हत्या. पण खेड्यातला लेखक, मास्तर नाही तर शेतकरी, तो कुठं दिल्लीच्या कोर्टात जाणार? तुमचा बाँड चाळीस पानांचा, इंग्रजीत, त्याच्या हातात थोडेफार पैसे अन् फोटोला एक हार, अन् नंतर स्क्रिप्टवर त्यानं काही म्हटलं तर त्याचा फोनही उचलत नाही, हे मी एका लेखकाच्या तोंडून ऐकलं आहे.

तर मागणं असं आहे. सगळंच बदलायचं असलं तर कादंबरीचं नाव घेऊ नका. नवीन गोष्ट म्हणून काढा, आम्ही नवीन म्हणून बघू, आवडली तर गावभर सांगू. पण पत्रिकेत एका नवरीचं नाव छापायचं अन् मांडवात दुसरीच उभी करायची, हे करू नका. ते नाव लेखकानं कमावलेलं असते, अन् आम्ही एसटीचं भाडं घालून येतो ते त्या नावासाठी. अन् लेखक हयात असेल तर त्याला स्क्रिप्ट वाचायला द्या, शूटिंग संपल्यावर नाही, आधी. नट बाहेरचा असला तरी चालेल, पण त्याला महिनाभर त्या गावात ठेवा, बोली कानावर पडू द्या. अन् शेवट बदलावासा वाटला तर तो शेवट आधी अशा चार माणसांना वाचून दाखवा ज्यांच्या घरी ते घडलं आहे.

शेळक्यांची 'धग' कोणाच्या मनात असेल, नाही तर गोनीदांची 'पूर्णामायची लेकरं', आमच्याच पूर्णेकाठची ती, तर दिवाळीच्या नंतर इकडं या. वेचणी चालू असते, बाया वावरात काय बोलतात, कशा बोलतात ते रेकॉर्ड करून घ्या. वाचनालयाच्या खोलीत पंचवीस माणसं आरामात बसतात, तुमचे संवाद तिथं वाचून दाखवा, चुकलेलं तिथल्या तिथं सांगू, अन् आजीला मी स्वतः घेऊन येतो. मानधन नको, क्रेडिटमध्ये नाव नको, राहायची अन् जेवायची सोय आमच्याकडं. फक्त शूटिंगच्या आधी या, प्रमोशनला नको.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती